दोन किलोंची जागा

पहिल्याच भेटीत काकांनी माझी बॅग उघडली आणि आतलं सगळं सामान तळघराच्या फरशीवर ओतलं. न विचारता. माझे कपडे, माझी पुस्तकं, आईसाठी घेतलेला खजूर, सगळं. मी भडकले. कोल्हापुरात कॉलेजला असताना वॉर्डनने वसतिगृहाच्या खोल्यांची झडती घेतली, तेव्हा मी दोन पानी पत्रक काढलं होतं. 'झडती हा अपमान आहे' हे त्यातलं पहिलं वाक्य. तेच मी त्यांना तोंडावर ऐकवलं.

ते उकिडवे बसले होते. वर न बघता म्हणाले, "ओरड गो पोरी. ओरडून झालं की तो बूट दे इकडे. बुटाच्या आत मोजे भरायचे असतात, कोणी शिकवलं नाय तुला?"

मी बूट दिला. त्यांनी सगळं परत भरलं, आणि माझ्याकडून कसंबसं बंद झालेल्या त्या बॅगेत एक अख्खा कोपरा मोकळा राहिला. तो तळहाताने थोपटत ते म्हणाले, "दोन किलोंची जागा आहे." कपाटातून कुणाच्या तरी दूध पावडरीची पिशवी काढून त्यांनी तिथे बसवली. ती कराडला द्यायची होती.

"मी कोल्हापूरला चाललेय."

"मग वाटेतच आहे," ते म्हणाले. "लिस्तो."

हे लिस्तो काय प्रकरण आहे ते मला पुढे कळलं.

रियाधला ओलाया भागातल्या ज्या टॉवरमध्ये माझं ऑफिस होतं, त्याच्या देखभालीचे ते सुपरवायझर होते. पाणी, पाइप, पंप, गटार, सगळं त्यांच्याकडे. मूळचे दापोली तालुक्यातले. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी सौदीतच समुद्रकाठच्या राबिघच्या रिफायनरीत पाइप फिटर म्हणून काढली आणि गुडघे बोलायला लागल्यावर रियाधला आले. सगळे त्यांना नुसते काका म्हणायचे. तळघरात पंपाशेजारी त्यांची खोली होती. छताला वजनकाटा टांगलेला, खिळ्याला सुतळी, डब्यात दाभण आणि भिंतीला चिकटपट्टीची भेंडोळी. मायदेशी जाणारा प्रत्येक मराठी माणूस, मग तो वरच्या मजल्यावरचा बँकवाला असो की कामगारांच्या कॅम्पातला सुतार, आधी या खोलीत यायचा.

सौदीत आपल्या माणसाला सुट्टी मिळाली की त्याला कोणी 'कधी परत येणार' असं विचारत नाही. 'किती किलो आहे?' असं विचारतात. म्हणजे तिकिटावर किती वजन नेता येतं, त्यातलं तुझं किती, आणि उरलेलं आमचं. ही प्रथा आहे, आणि माझ्या मते ही उघड लूट आहे. माणूस वर्षभर राबतो, कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, मागे लागून सुट्टी मिळवतो, आणि त्याच्या हक्काच्या सामानावर अख्खा कॅम्प डल्ला मारतो. काकांच्या सामानावर तर सगळ्यात जास्त, कारण त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. ते गावी जायचे तेव्हा त्यांच्या बॅगेत त्यांचं स्वतःचं काहीच नसायचं. दोन शर्ट आणि दोन पँटी ते एकावर एक चढवून विमानात बसायचे.

"उकडत नाही?" मी विचारलं होतं.

"एसी असतो गो विमानात. फुकटचा."

आता त्यांचा नियम सांगते. तो एकच होता, 'आधी उघड'. बंद पार्सल ते घेत नसत. सख्खा भाऊ असला तरी त्याच्यासमोर पार्सल उघडायचं, वस्तू बघायची, वास घ्यायचा, खाण्याची असेल तर खाऊन बघायची, मग आपल्या हाताने बांधायची. येताना हा नियम दुप्पट कडक, कारण येताना भीती होती खसखशीची. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारी, आईच्या मसाल्याच्या डब्यातली साधी खसखस सौदीत अमली पदार्थांत मोडते. पिशवीत मूठभर सापडली तर तुरुंग. गावाकडच्या आयांना हे कितीही सांगा, पटत नाही. त्यांना वाटतं, पोराला खसखस खाऊ घालायला हे सरकार कोण अडवणार?

एका दिवाळीला काका गावाहून परत येत होते. कॅम्पातल्या एका वेल्डरच्या आईने अनारसे दिले. काकांनी तिच्याच ओटीवर डबा उघडला. अनारशावर खसखस असणारच, त्याशिवाय तो अनारसा कसला? दुसरा कोणी असता तर डबा परत देऊन मोकळा झाला असता. काकांनी ताट मागितलं, ओला पंचा मागितला, आणि त्या माउलीसमोर मांडी घालून एकेक अनारसा हलक्या हाताने पुसून काढला. दाणा न दाणा. बाई रडायच्या बेताला आल्या. काका म्हणाले, "आई, रडू नका. चव आत असते."

ते अनारसे रियाधला पोचले. वेल्डरने डबा उघडला आणि अख्ख्या मेसला ऐकू जाईल असा ओरडला, "काका, ह्या अनारशांचं मुंडण कोणी केलंन?"

"मी. तुझं होऊ नये म्हणून."

त्या दिवसापासून कॅम्पात टकले अनारसे हा कायमचा शब्द झाला. पदार्थात काही कमी पडलं की मेसवाल्याला विचारायचे, टकलं का केलंस रे?

आता मुद्द्याचं. आम्ही तिघं, मी, ऑफिसातला पुण्याचा ओंकार आणि बँकेत असलेली नागपूरची मृणाल, पाठीवर बॅगा टाकून पेरू आणि बोलिव्हिया बसने फिरायचं ठरवत होतो. लिमाला उतरायचं आणि ला पाझपर्यंत जमिनीवरून जायचं. कंपनीच्या पँट्रीत नकाशा पसरला होता. काका सिंकखालचा पाइप बदलत होते. सिंकखालूनच आवाज आला, "तो डोंगरावरचा समुद्र येतो का यात वाटेत?"

त्यांना तितिकाका सरोवर म्हणायचं होतं. राबिघला त्यांच्या जोडीला पेरूचा एक वेल्डर होता. तो त्याच सरोवराच्या काठचा. दुपारच्या सुट्टीत पाइपांच्या सावलीत बसून तो सांगायचा, की आमच्याकडे डोंगराच्या माथ्यावर समुद्र आहे, त्याला लाटा आहेत, त्यात बोटी चालतात. कोकणातल्या माणसाला समुद्र पायाशी असतो हे माहीत. तो डोक्यावर कसा असेल, हा प्रश्न काकांच्या मनात तेव्हापासून अडकून बसला होता. त्याच वेल्डरकडून ते स्पॅनिश शिकले होते. आरिबा म्हणजे वर, आबाखो म्हणजे खाली, देस्पासिओ म्हणजे हळू आणि लिस्तो म्हणजे झालं, खलास. चार शब्द.

"चार शब्दांवर काय होणार काका?" ओंकार म्हणाला.

"चार शब्दांवर वीस माणसांनी पाइप बसवला मेल्या. जेवण नाय मिळणार?"

पण खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यांनी मला जरा आडून सांगितलं. काही महिन्यांनी ते फायनल एक्झिटवर, म्हणजे सौदी कायमची सोडून, घरी जाणार होते. काकूंनी फोनवर अट घातली होती. मी ती अट माझ्या कानांनी ऐकली आहे, कारण काका फोन नेहमी स्पीकरवर ठेवून दुसऱ्या हाताने नट आवळायचे.

"दर सुट्टीला तुम्ही येता आणि दुसऱ्या दिवशी मोटारसायकल काढून गावोगाव वाटप करत सुटता," काकू म्हणाल्या. "ह्याची चादर, त्याचा चष्मा. माझ्या घरी टपाल येतं, नवरा येत नाय. ह्या टायमाला तुम्ही या. तुमचं सामान घेऊन या. दुसऱ्याची एक सुई आणलीत तर मी दार उघडणार नाय."

"बरं," काका म्हणाले.

"बरं नको. शब्द द्या."

"दिला."

फोन ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. "मला जमायचं नाय गो एकदम. सराव पाहिजे."

म्हणून ते आमच्याबरोबर आले. आयुष्यात एकदा फक्त स्वतःचं ओझं घेऊन प्रवास करायचा. तिथे जमलं, तर घरी जातानाही जमेल. पहारेकरी म्हणून मला नेमलं. मी ते काम आनंदाने घेतलं. त्या प्रथेविरुद्ध माझ्या हातात पहिल्यांदाच एक जिवंत कार्यकर्ता आला होता.

सराव रियाधमध्येच सुरू झाला. या शहरात चालायला जागा नाही. मोटारींसाठी आठ पदरी रस्ते आणि माणसासाठी एक सलग फूटपाथ नाही, याबद्दल मी स्वतंत्र लिहीन. तर चढ म्हणून आम्ही मेट्रो स्टेशनचे जिने निवडले. शुक्रवारी सकाळी पाठीवर भरलेल्या बॅगा घेऊन वर, खाली, वर, खाली. एकदा तिथल्या गार्डने काकांना थांबवलं. "मतार?" विमानतळावर चाललात का, असं त्याला विचारायचं होतं.

"नाही," काका गंभीरपणे म्हणाले. "जिना."

त्यांची बॅगही बघण्यासारखी होती. ओंकारने त्यांना आपल्यासारखीच महागडी, गिर्यारोहकांची बॅग घ्यायला लावली. दुसऱ्या शुक्रवारी ती आली तेव्हा ओंकारला बसावं लागलं. काकांनी तिला चारी बाजूंनी सुतळीचा फास घातला होता आणि पांढऱ्या ऑइलपेंटने चारी अंगांवर आपलं नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा असं ठळक लिहिलं होतं. गल्फमधून जाणाऱ्या खोक्यांवर लिहितात तसं.

"काका, हिला वॉटरप्रूफ कापड होतं!"

"आता पत्ताप्रूफ पण झालं."

लिमाहून निघालो. पहिले काही दिवस काकांचं वागणं अगदी आदर्श. पाठीवर आपली बॅग, हात मोकळे. ते मोकळे हात त्यांना कुठे ठेवावे कळत नव्हतं. बसमध्ये ते शेजारच्यांची टोपली मांडीवर घ्यायचे, मी डोळे वटारले की परत द्यायचे. जेवणाचं म्हणाल तर त्यांचं स्पॅनिश आमच्या फोनमधल्या भाषांतरापेक्षा बरं चाललं. भाताकडे बोट दाखवून आरिबा, मिरचीकडे बोट दाखवून आबाखो. वाढणाऱ्या बाया खूश. उंचीवर ओंकार ओकला, मृणालचं डोकं धरलं, मला धाप लागली. काका ठणठणीत. हॉटेलवाले सगळ्यांना हिरव्या पानांचा चहा द्यायचे, त्याने उंचीचा त्रास कमी होतो म्हणून. ती पानं कोकाची, ज्यांच्यापासून पुढे कोकेन बनतं ती. तिकडे ती बाजारात गोणी भरून राजरोस विकतात, म्हातारे-कोतारे दिवसभर चघळतात. आम्ही तो चहा प्यायलो. काकांनी कप नाकाशी नेला आणि खाली ठेवला. "पाला आहे. मी पाल्यात पडत नाय."

पुनो हे सरोवराच्या काठचं गाव. तिथे पोचलो त्या दिवशी काका धावत काठावर गेले आणि वाकून पाण्यात हात घातला. मग बोटं चाखली.

"गोडं आहे," ते निराश होऊन म्हणाले. थोड्या वेळाने लाट आली, त्यांचे बूट भिजले, तेव्हा कुठे त्यांनी मान्य केलं. "नाय, समुद्रच आहे. मीठ विसरलेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ला पाझच्या बससाठी स्टँडवर उभे होतो. गोल टोपी घातलेली, घागऱ्यांवर घागरे चढवलेली एक म्हातारी रांगेतल्या प्रवाशांना न्याहाळत फिरत होती. पाठीवर रंगीत कापडाचं बोचकं. ती ओंकारच्या बॅगेशी थांबली, पुढे गेली. माझ्यापाशी थांबली, पुढे गेली. काकांच्या बॅगेपाशी आली. सुतळी बघितली, ओढून बघितली. पांढऱ्या ऑइलपेंटवरून बोट फिरवलं. आणि बोचकं काकांच्या पायाशी ठेवून सरळ बोलायला लागली.

ओंकारने फोन पुढे धरला. तिची मुलगी ला पाझला असते. तिने घर बांधलंय. हे तिला द्या. मुलीचा पत्ता बोचक्यात होता.

"काका," मी म्हणाले. "नाही."

"नाय नाय," काका म्हणाले आणि उकिडवे बसले.

"काका! काकूंना शब्द दिलाय!"

"तो घरी जातानाचा. हा सराव आहे."

"सरावात नापास झालात तर परीक्षेत काय करणार? आणि अनोळखी माणसाचं पार्सल घेऊन देशाची हद्द ओलांडायची? तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय?"

"म्हणून तर उघडतोय." ते म्हातारीकडे बघून स्वच्छ मराठीत म्हणाले, "आजी, आधी उघड."

म्हातारीने उघडलं. तिला हे अगदी रीतसर वाटलं असावं. आत चुनखडीच्या खड्यांसारखे पांढरे, वाळवलेले बटाटे होते. काकांनी एक चावून बघितला. लोकरीचं विणलेलं काहीतरी होतं, ते त्यांनी उलटंसुलटं केलं. आणि तळाशी कापडाची छोटी पुरचुंडी. ती सोडली तर आत हिरवी पानं.

काकांनी पुरचुंडी बाजूला ठेवली. म्हातारीने ती उचलून परत आत घातली. काकांनी काढली. तिने घातली. काकांनी पुन्हा काढली आणि दोन्ही हातांची मनगटं जुळवून बेड्या पडतात अशी खूण केली. म्हातारी खो खो हसली आणि त्यांच्या खांद्यावर एक चापट देऊन पुरचुंडी आत घातली.

"काका, चालतं ते," मृणाल म्हणाली. "दोन्हीकडे सगळेच खातात."

"आमच्या अनारसेवाल्या आईपण हेच म्हणाल्या होत्या."

शेवटी पुरचुंडी आतच राहिली. काकांनी बोचकं आपल्या हाताने बांधलं, बॅगेचा एक कोपरा थोपटून त्यात बसवलं आणि म्हातारीला सांगितलं, "दोन किलोंची जागा आहे. लिस्तो." तिला शब्दन् शब्द कळला.

बसमध्ये मी त्यांच्याशी बोलले नाही. ते आपले खिडकीतून समुद्र बघत. हद्दीच्या अलीकडे बस चहाला थांबली तेव्हा ते उतरले, टपावरची बॅग खाली घेतली आणि काहीतरी खुडबुड करून परत आले. येऊन मोठा श्वास सोडला.

"काय केलंत?"

"टकलं केलं," ते हळूच म्हणाले. "ड्रायव्हरला दिली पानं. गरीब माणूस, खूश झाला. उगाच टाकायची कशाला."

मला हसावं की ओरडावं कळेना. आधी दुसऱ्याचं सामान घ्यायचं, मग त्यातलं काढायचं. वॉर्डनसुद्धा एवढं करत नव्हता.

हद्दीवर आमच्या बॅगा कोणी उघडल्या नाहीत. काका आपली बॅग घेऊन, छाती काढून, तपासणीला तयार उभे होते. खिडकीतल्या अधिकाऱ्याने शिक्का मारला आणि कंटाळून बाहेर बघितलं. त्याचा डावा गाल टम्म फुगलेला होता. तो सावकाश चघळत होता. त्याच्यासमोरच्या टेबलावर पसाभर हिरवी पानं पडली होती. आमचा ड्रायव्हर आला, त्याने खिशातून काकांनी दिलेली पुरचुंडी काढली, तिच्यातली थोडी पानं अधिकाऱ्याला दिली, आणि दोघं गाल फुगवून गप्पा मारू लागले.

काका तिथेच उभे राहिले. चेहरा उतरला. ला पाझपर्यंत त्यांनी एकही शब्द उच्चारला नाही, चारातलाही.

ला पाझ खोलगट आहे, आणि गरिबांची घरं वर, कड्याच्या काठावर. त्या चढावर आमचे मेट्रोचे जिने कामी आले. मुलीचं घर विटांचं, अर्धं गिलावा झालेलं, वर नवं कोरं छप्पर. ती विणलेल्या टोप्या विकायची. तिने बोचकं पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला. बटाटे हुंगले, लोकर गालाला लावली. मग तळाशी हात घातला. पुन्हा घातला. कापड झटकलं. काहीतरी विचारलं.

ओंकारने फोनवर वाचलं. "ती म्हणतेय, आई पानं द्यायला विसरली का?"

इथे सुटका अगदी सोपी होती. मान हलवायची, एवढंच. म्हातारी दूर होती आणि म्हाताऱ्या विसरतात. मी काकांकडे बघितलं.

"सांग तिला," काका म्हणाले, "आई विसरली नाय. मी काढली."

ओंकारने सांगितलं. त्यावर ती बाई कमरेवर हात ठेवून बराच वेळ बोलली. शेजारीण दारात येऊन उभी राहिली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, ठीक आहे," ओंकार म्हणाला.

"सगळं सांग."

"म्हणते, दुसऱ्याचं सामान उघडून त्यातलं काढणाऱ्याला त्यांच्याकडे एक शब्द आहे. तो मला सांगवत नाही. आणि ती पानं साधी नव्हती. उद्या नव्या घराची पूजा आहे. आईने त्यासाठी एकेक पान निवडून ठेवलं होतं. फाटकं, दुमडलेलं, डाग पडलेलं पान पूजेला चालत नाही. अखंड पाहिजे."

काका मटकन विटांवर बसले. "अक्षता," ते म्हणाले. "अक्षता होत्या गो. मी त्या ड्रायव्हरला चघळायला दिल्या."

उरलेली दुपार आम्ही बाजारात काढली. मुलीने आधी 'राहू द्या' म्हटलं, पण काका आबाखो, आबाखो करत तिला खाली घेऊन गेले. पानांची गोणी विकत घेतली असती तरी काम झालं नसतं. काम निवडण्याचं होतं. आम्ही पाच जण एका पायरीवर मांडीवर कापडं पसरून बसलो. ओंकारने निवडलेलं पान काका उन्हात धरायचे आणि अर्ध्याहून जास्त बाद करायचे. "हे बघ, टोक गेलंय. आमची बायको लग्नाच्या अक्षता निवडते ना, तिच्यापुढे तू एक दिवस टिकणार नाय." मुलीला भाषांतर लागलं नाही. हळूहळू तीही त्यांच्या ढिगातली पानं बाद करायला लागली. एकदा तिने काकांचं एक पान उचललं, उलटं केलं, मागे सुईएवढं भोक दाखवलं आणि म्हणाली, "देस्पासिओ." हळू. काका इतके हसले की मांडीवरची पानं सांडली.

तिला वर घरी सोडून उतरताना मी काकांना विचारलं, की आता तरी पटलं का. दुसऱ्याचं ओझं घेऊ नये.

"ओझ्याचं काय नाय गो," ते म्हणाले. "माझा नियम अर्धा होता. आधी उघड, हे बरोबर. पुढचं राहिलं होतं. मग विचार. मी कधी विचारलंच नाय कोणाला. त्या अनारसेवाल्या आईला पण नाय, काकूला पण नाय."

सरावात मात्र काका नापास झाले होते. परत आल्यावर मी ठरवलं, की आता माणसावर अवलंबून राहायचं नाही, चळवळ करायची. या देशात पत्रकं वाटायची नसतात हे मला पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं होतं. पण मेसच्या भिंतीवर सूचना लावायला कोणाची ना नव्हती. मी चांगल्या जाड कागदावर मोठ्या टाइपात छापलं: 'मित्रांनो! काका कायमचे घरी चालले आहेत. आजवर त्यांनी आपलं ओझं वाहिलं. हा शोषणाचा प्रकार थांबला पाहिजे. या वेळी त्यांना कोणीही काहीही देऊ नये!' मेसवाल्याने त्या प्रती कॅम्पातल्या सगळ्या भिंतींवर लावल्या. माझ्या कुठल्याच पत्रकाचा एवढा परिणाम झाला नसेल. एकानेही सुई दिली नाही. काहीजण तर काकांना टाळायला लागले, चुकून तोंडातून 'किती किलो' निघेल म्हणून.

विमानतळावर मी आणि मृणाल त्यांना सोडायला गेलो. अंगात एकच शर्ट. पाठीवर तीच सुतळीची बॅग. काउंटरवर वजन झालं आणि आकडा तिकिटाच्या निम्म्यालाही पोचला नाही. काकांनी तो आकडा बघितला. त्यांच्या तोंडावर जे आलं, ते मी आईच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे, पंगतीत भात उरला की.

"काका, जमलं," मी म्हणाले.

"जमलं," ते म्हणाले, आणि नजर शेजारच्या रांगेत.

तिथे एक रंगारी गुडघ्यावर बसून आपलं खोकं उघडत होता. हातापायांवर डिस्टेंपरचे ठिपके. वजन जास्त झालं होतं, काउंटरवाला 'काढ, काढ' म्हणत होता. त्याने चादर काढून खांद्यावर टाकली, बूट बदलले, तरी काटा हलेना. शेवटी त्याने मधाची एक मोठी काचेची बरणी काढली आणि ती हातात घेऊन कचऱ्याच्या डब्याकडे बघत राहिला.

"कुठला रे तू?" काकांनी विचारलं.

"गुहागर."

"कोणाला मध?"

"आईला. खोकला आहे तिला. मी आधी नागपूरला बहिणीकडे उतरणार, घरी पंधरा दिवसांनी."

काका माझ्याकडे वळले. मला राग आला होता, त्या विमान कंपनीचा, त्या कचऱ्याच्या डब्याचा, आणि माझ्या पत्रकात रंगाऱ्याच्या आईसाठी एकही ओळ नव्हती याचा.

"विचारतो," काका म्हणाले. त्यांनी फोन लावला. स्पीकरवर.

"निघालात?" काकू.

"निघालो. माझंच सामान आहे. हलकं आहे."

"मग?"

"एक बरणी आहे. मधाची. गुहागरच्या एका बाईची. घेऊ का?"

रंगारी बरणी छातीशी धरून उभा. मागच्या माणसाने चला, आटपा म्हणून यल्ला यल्ला केलं, त्याच्याकडे मृणालने असं बघितलं की तो गप्प झाला.

"वाटेत आहे?" काकूंनी विचारलं.

"नाय."

"खरं बोललात ते बरं केलंत." पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. "एकटे वाटायला जाणार असाल तर नको. मी येणार असेन तर घ्या. दाभोळला फेरीबोटीत बसून पलीकडे जाऊ. लग्न झाल्यापासून सांगतेय, मला त्या बोटीतून न्या. तुम्हाला टायम कुठे होता?"

"न्यायचंच," काका म्हणाले. "लिस्तो."

"ते काय असतं?"

"घरी आल्यावर सांगतो."

मग ते उकिडवे बसले. "आधी उघड," त्यांनी रंगाऱ्याला फर्मावलं. झाकण काढून वास घेतला, बोट बुडवून चाखलं, मान डोलावली. आपली बॅग सोडली आणि आतून जाड कागदाचा गठ्ठा काढला. माझी पत्रकं. कॅम्पातल्या भिंतींवरून एकेक सोडवून घेतलेली, कोपरेसुद्धा न फाटलेली.

"काका!"

"कागद चांगला आहे गो तुझा. फुकट कशाला घालवायचा." बरणीला त्यांनी पाच-सहा पत्रकं गुंडाळली, सुतळी मारली, आणि बॅगेतल्या मोकळ्या कोपऱ्यात ती अशी बसवली की हलवली तरी आवाज येईना.

नंतर मृणालच्या फोनवर एक फोटो आला. फेरीबोटीचा कठडा, मागे खाडी, वाऱ्याने उडणारा पदर एका हाताने धरून काकू बसल्या आहेत. शेजारी काका, हात मोकळे, कुठे ठेवावे न कळल्यासारखे. बरणी काकूंच्या मांडीवर आहे. कागद थोडा सुटलाय, पण मोठा टाइप लांबूनही वाचता येतो: 'कोणीही काहीही देऊ नये!'